जुन्या प्रोजेक्टरचा आवाज कुठे अडतो, ते कानाने कसं शोधायचं

खानदेशात अजून बऱ्याच घरात जुने प्रोजेक्टर पडून आहेत. कुणाच्या माळ्यावर १६ एमएमची (म्हणजे तेवढ्या रुंदीच्या फिल्मची) पेटी असते, सरकारी भंगाराच्या लिलावात घेतलेली, गावोगाव शेतीच्या न् लसीकरणाच्या फिल्मा दाखवत फिरायची ती. कुठे यात्रेत तंबू लावणाऱ्या टॉकीजची ३५ एमएमची मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते, शेजारी ठिबकच्या नळ्यांचे बंडल. हल्ली चाळीसगाव, अमळनेर, शिरपूरकडची पोरं ही मशीनं बाहेर काढतायत, पुसून चालू करतायत, फार छान काम आहे ते. चित्र लवकर येतं. दिवा लागला, मोटर फिरली की भिंतीवर काहीतरी हलायला लागतं आणि घरदार खूश होतं. आवाज मात्र येत नाही, नाहीतर पाण्यात बुडून बोलल्यासारखा येतो, आणि मग पहिलं काम काय होतं तर अ‍ॅम्प्लिफायर सोडवून रेडिओ-टीव्हीवाल्या मिस्त्रीकडे नेला जातो, तो बिचारा सगळे कंडेन्सर बदलून देतो, आणि परत आणून लावला तरी आवाज होता तिथेच.

माझं म्हणणं एवढंच की अ‍ॅम्प्लिफायर शेवटी उघडायचा. या मशीनमधला आवाज वायरीत यायच्या आधी उजेडात असतो, आणि बहुतेक वेळा तो उजेडाच्या वाटेवरच अडलेला असतो, धुळीने, तेलाने, सैल झालेल्या रोलरने. त्यामुळे आधी ही वाट समजून घेऊ.

फिल्मच्या एका कडेला चित्राच्या बाजूने एक बारीक पट्टी असते, तोच साउंड ट्रॅक. ३५ एमएममध्ये ती साधारण अडीच मिलिमीटर रुंद. कुठे त्या पट्टीत काळं-पांढरं नागमोडी दिसतं, म्हणजे उजेड जायची जागा कमीजास्त रुंद होत जाते, आणि फार जुन्या प्रिंटवर नुसते फिके-गडद आडवे पट्टे दिसतात, दोन्हीचं काम एकच. एका बाजूला छोटा दिवा असतो, त्याला एक्सायटर लॅम्प म्हणतात. त्याचा उजेड एका लेन्समधून बारीक आडव्या रेघेसारखा पट्टीवर पडतो, ती रेघ ३५ एमएममध्ये सुमारे ०.०३ मिलिमीटर जाड. फिल्म पुढे सरकते तसा त्या रेघेतून जाणारा उजेड कमीजास्त होतो. एसटीत खिडकीला बसलंय, संध्याकाळचं ऊन आहे आणि कडेच्या निंबांच्या रांगेतून ते तोंडावर झपझप येतंय-जातंय, तसंच हे, फक्त सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. पलीकडे फोटोसेल असतो, तो या झपझपीचं विजेच्या हालचालीत रूपांतर करतो, आणि तिथून पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, म्हणजे आपल्या कुठल्याही लाउडस्पीकरसारखंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण अर्धे बिघाड इथूनच निघतात. चित्रासाठी फिल्म सरळ चालत नाही, ती थांबत थांबत चालते, सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा झटका खाते. आवाजाला मात्र एकदम सारखी चाल लागते. एकाच फिल्मला दोन चाली द्यायच्या म्हणून गेटच्या, म्हणजे चित्राच्या उजेडासमोरून फिल्म जाते त्या खिडकीच्या, वर आणि खाली फिल्म सैल सोडतात, त्याला लूप म्हणतात, झटके त्या लूपमध्येच जिरतात, आणि खाली आवाजाचा उजेड पडतो त्या गोल रोलरवर, साउंड ड्रमवर, ती ताठ बसून सरळ चालते. ड्रमच्या मागे एक जड चाक असतं, फ्लायव्हील, ते चाल एकसारखी ठेवतं. यामुळेच चित्र आणि त्याचा आवाज फिल्मवर एका जागी नसतात. ३५ एमएमला आवाज चित्राच्या २० फ्रेम (फिल्मवरचं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) पुढे छापलेला असतो, १६ एमएमला २६ फ्रेम पुढे. म्हणजे १६ एमएममध्ये एक सेकंदाहून थोडा जास्तच फरक. लूप लहानमोठा झाला की ओठ आणि शब्द वेगळे पडतात, आणि लोक म्हणतात प्रिंटच खराब आहे. प्रिंट चांगली असते, ओवणाऱ्याने लूप चुकवलेला असतो. एक-दोन फ्रेमचा फरक तसा डोळ्याला कळत नाही, एका फ्रेमच्या वेळात आवाजच हवेतून साधारण १४ मीटर जातो, म्हणजे मोठ्या तंबूत मागच्या रांगेला तो तसाही उशिराच पोचतो. चार-पाच फ्रेम सरकल्या की मात्र कुणालाही खटकतं.

पारोळ्याकडे एक जुने ऑपरेटर होते, आम्ही त्यांना आबाच म्हणायचो, जन्म यात्रांच्या तंबूत गेला त्यांचा. कुणी येऊन सांगितलं की आबा, मशीन बिघडली, आवाज नीट नाही, की ते जागचे न उठता विचारायचे, "गुं करस का टर्र करस?" समोरचा गोंधळायचा. मग म्हणायचे, "जाय, ऐकी ये." आणि खरंच, गुं आणि टर्र यातला फरक सांगता आला की निम्मं काम झालेलं असतं. ते पुढे येईलच, आधी सगळ्यात सोपा प्रकार घेऊ, आवाज अजिबातच नाही.

आवाजच नसेल तर वाटेचे दोन तुकडे करायचे. फिल्म काढून टाका, अ‍ॅम्प्लिफायर चालू, व्हॉल्यूम थोडासा वर, एक्सायटर लॅम्प पेटलेला, मोटर बंद. काही १६ एमएम मशीनला मोटर चालू केल्याशिवाय हा दिवा लागत नाही, तिथे मोटर फिरू द्या, फिल्म मात्र नको. आता व्हिजिटिंग कार्ड नाहीतर लग्नपत्रिकेचा एक तुकडा घ्या आणि लेन्स आणि ड्रमच्या मधल्या उजेडात आत-बाहेर करा. प्रत्येक वेळी स्पीकरमधून धप्प असा आवाज यायला पाहिजे. मग साधा केसांचा कंगवा घ्या, दाते त्या उजेडातून सरसर ओढा, स्पीकर टर्रर्र बोलला पाहिजे, जोरात ओढला तर बारीक आवाज, हळू ओढला तर जाड. पहिल्यांदा हे केलं की अंगावर काटा येतो, कारण तुम्ही हाताने साउंड ट्रॅक वाजवताय. कंगवा बोलला म्हणजे दिवा, सेल, वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळे ठीक, आणि दोष फिल्ममध्ये नाहीतर ती ओवण्यात आहे. कंगवा बोलला नाही तर दोष दिव्यापासून स्पीकरपर्यंत कुठेतरी आहे, आणि तेवढाच भाग तपासायचा.

कंगवा मुका राहिला तर घरातला टीव्हीचा रिमोट आणा. नंतरच्या काळातल्या बहुतेक मशीनमध्ये सिलिकॉनचा सोलर सेल असतो, त्याला रिमोटचा न दिसणारा उजेड चांगला दिसतो. रिमोट सेलच्या तोंडाशी धरून बटण दाबून ठेवा, स्पीकरमधून टर्र-टर्र आवाज आला तर सेलपासून पुढचं सगळं चालू आहे आणि गुन्हेगार दिवा किंवा त्याची लेन्स. रिमोट नसेल तर जुना पिवळा बल्ब जवळ न्या, मेनलाइनवरचा बल्ब सेकंदाला १०० वेळा किंचित कमीजास्त होतो, त्याची गुणगुण ऐकू येते. रिमोटलाही काहीच नाही तर सेल किंवा त्यापुढचं. सोलर सेल असेल तर त्याच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा आणि वरून बॅटरीचा झोत मारा, ०.३ ते ०.५ व्होल्ट यायला पाहिजे. त्याही आधीच्या मशीनमध्ये काचेची फोटोट्यूब असते, तिला साधारण ९० व्होल्ट द्यावे लागतात आणि तिच्या सॉकेटवर धूळ साचून पावसाळ्यात ओल धरली की खरखर सुरू होते. सॉकेट मशीन बंद करून, प्लग काढून, ब्रशने साफ करायचं.

स्पीकर तपासणं तर अगदी सोपं. वायरी अ‍ॅम्प्लिफायरवरून काढा, दीड व्होल्टचा बॅटरीचा सेल एक क्षण टेकवा, खट्ट झालं पाहिजे. आपल्याकडे उंदरांनी कोन कुरतडलेले स्पीकर भरपूर सापडतात. स्पीकर ठीक आणि तरी आवाज नाही तर अ‍ॅम्प्लिफायरला माइकचं सॉकेट असतं तिथे मोबाइलवरून एकदम हळू आवाजात गाणं द्या. गाणं वाजलं तर अ‍ॅम्प्लिफायरचा पुढचा बहुतेक भाग निर्दोष, आणि पाहायची राहिली फक्त सेलपासून येणारी बारीक शिल्डवाली वायर, ती दर वेळी कव्हर उघडताना ओढली जाते आणि सोल्डरपाशी तुटते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर (जुना, काचेच्या नळ्यांचा) असेल तर मात्र एक नियम कायम पाळा, स्पीकर जोडलेला नसताना तो चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तसा परत मिळणं मुश्किल.

आता एक्सायटर लॅम्प. तो लागलाय म्हणजे ठीक आहे असं नाही. काच आतून काळी पडली, फिलामेंट मधून लोंबलं, की उजेड कमी होतो आणि रेघेवर सारखा पडत नाही, आवाज बारीक आणि कर्कश होतो. दिवा बदलताना व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही तेच पाहिजेत, ३५ एमएमच्या साउंड हेडमध्ये १० व्होल्ट ५ अँपिअर, १० व्होल्ट ७.५ अँपिअर असे असतात, १६ एमएमच्या बऱ्याच मशीनमध्ये ४ व्होल्ट ०.७५ अँपिअरचा चिमुकला दिवा असतो. मोटरसायकलचा बल्ब बसवून वेळ मारून नेणारे खूप आहेत. लागतो तो, पण त्याचं फिलामेंट वेगळ्या आकाराचं आणि वेगळ्या उंचीवर असतं, लेन्सला ते आडवं सरळ आणि ठरलेल्या जागीच हवं असतं, म्हणून आवाज कधीच भरत नाही. आणखी एक खाचखळगा असा की काही १६ एमएम मशीनमध्ये या दिव्याला अ‍ॅम्प्लिफायरमधलाच एक भाग कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीचा करंट देतो. तिथे दिवा लागत नसेल तर दिवा गेलाच असं समजू नका, आधी तो काढून मीटरने फिलामेंट तपासा, ते साबूत असेल तर करंट देणारा भाग बंद आहे.

बरं, आता आबांचं गुं.

गुं म्हणजे एका सुरात सतत चालणारी गुणगुण. ती कुठून येते ते तीन सेकंदात कळतं. व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. गुणगुण तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या नंतरची आहे, म्हणजे पॉवर सप्लायचे जुने फिल्टर कंडेन्सर सुकलेत, आणि इथे मिस्त्रीची खरी गरज आहे. व्हॉल्यूमबरोबर गुणगुण गेली तर परत वर करा आणि दिव्याचा उजेड कार्डाने अडवा. कार्ड लावल्यावर गप्प झाली, म्हणजे गुणगुण उजेडातूनच येतेय. बहुतेक मशीनमध्ये एक्सायटर लॅम्पला स्वच्छ डीसी लागतो, त्याच्या रेक्टिफायरमध्ये (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा कंडेन्सरमध्ये दोष आला की दिवा १०० च्या तालात थरथरतो आणि सेल ते इमानदारीने वाजवून दाखवतो. कार्ड लावूनही चालूच राहिली तर सेलची वायर, तिचं शिल्ड आणि अर्थिंग बघा. अर्थिंगचं आपल्याकडे उन्हाळ्यात फार होतं, काळी माती भेगाळते, सळईभोवतीची जमीन कोरडी पडते, आणि तंबूवाले लोक खड्ड्यात मीठ टाकून पाणी ओतायचे ते उगाच नाही. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर एका प्लगवर आणि मशीन दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असं असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा, पुष्कळदा तेवढ्यानेच शांत होतं. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे लोक आहेत, ते कधीच करू नका, लोखंडी बॉडीच्या मशीनला हात लावून माणूस उभा असतो.

टर्र वेगळं. टर्र फक्त फिल्म चालू असतानाच येतं, फिल्म थांबली की थांबतं. याचा अर्थ उजेडाची रेघ पट्टीवर नीट पडत नाहीये, शेजारच्या कशावर तरी पडतेय. ३५ एमएममध्ये पट्टीच्या एका बाजूला भोकं आहेत आणि दुसऱ्या बाजूला चित्र. प्रत्येक फ्रेमला चार भोकं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे रेघेसमोरून सेकंदाला ९६ भोकं जातात. रेघ भोकांच्या बाजूला सरकली तर त्या ९६ च्या तालाचा जाड घुर्रर्र आवाज येतो. रेघ चित्राच्या बाजूला सरकली तर फ्रेमच्या मधल्या काळ्या रेघा वाजतात, सेकंदाला २४, आणि तो आवाज जुन्या डिझेल इंजिनासारखा फट्फट् येतो. म्हणजे ऐकूनच कळतं कुठल्या बाजूला सरकवायचं. घुर्रर्र असेल तर भोकांपासून लांब, फट्फट् असेल तर चित्रापासून लांब. साउंड ड्रमच्या शेजारी फिल्मला आडवं धरून ठेवणारा एक कड असलेला रोलर असतो, त्याला बारीक स्क्रू असतो, तो फिल्म चालू असताना अगदी थोडा थोडा फिरवायचा, दोन्ही आवाज नाहीसे होतील तिथे थांबायचं. पण त्या स्क्रूला हात लावायच्या आधी रोलर साफ करा, कारण कित्येकदा तिथे फिल्मचा बुकणा साचून कड जाड झालेली असते आणि फिल्म तेवढीच बाजूला ढकलली जाते. १६ एमएमच्या बोलत्या फिल्मला भोकं एकाच बाजूला असतात आणि ट्रॅक दुसऱ्या, त्यामुळे तिथे घुर्रर्र नाही, पण कुणी दोन्ही बाजूंना भोकं असलेली मुकी फिल्म चढवली तर सेकंदाला २४ भोकं वाजतील. तो बिघाड नाही, त्या फिल्मवर आवाज छापलेलाच नाही.

मग येतो दबलेला आवाज. बोलणं कळतं पण "स", "श", "च" ऐकू येत नाहीत, बाई बोलली तरी रजईतून बोलल्यासारखं. लोक ट्रेबल वाढवतात आणि खरखर वाढते. इथे एक हिशोब बघा. १६ एमएमवर फिल्म सेकंदाला १८३ मिलिमीटर पळते. ७००० सायकलचा (सेकंदाला ७००० लहरींचा) आवाज, म्हणजे साधारण "स" मधली ती सळसळ, त्याची एक लहर फिल्मवर सुमारे ०.०२६ मिलिमीटर लांब पडते, केसापेक्षा बारीक. ३५ एमएमवर फिल्म सेकंदाला ४५६ मिलिमीटर पळते म्हणून तिथे जागा जास्त मिळते आणि आवाज मुळातच खुलतो. आता एवढ्या बारीक लहरींवर तेलाचा एक पातळ थर आला तर उजेडाची रेघ पसरते आणि सगळ्या बारीक लहरी एकमेकीत मिसळून जातात. जाड आवाज वाचतात, बारीक जातात. म्हणून साउंड लेन्सचं तोंड बघायचं, टॉर्च तिरपा मारून, आणि बहुतेक वेळा तिथे तपकिरी चिकट थर दिसतो, गिअरमधलं तेल आणि आपल्याकडचा फुफाटा यांचं मिळून झालेलं. लेन्स साफ करायचा कापड किंवा कानात घालायची कापसाची काडी, त्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब, आणि हलक्या हाताने. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही नको, थिनरने रंग निघतो आणि अ‍ॅसिटोनने फिल्म विरघळते. ड्रमवर आणि रोलरवर चिकटलेलं खरडायला बांबूची काडी घ्या, लोखंड नाही, एक ओरखडा पडला की तो प्रत्येक फिल्मवर उमटत राहील.

साफ करूनही दबलेलाच असेल तर लेन्सचा फोकस हललाय. पण तो स्क्रू फिरवायच्या आधी त्याची जागा बारीक टोकाच्या पेनाने खूण करून ठेवा. फिल्म चालू ठेवून सळसळ जास्तीत जास्त ऐकू येईल तिथे आणायचा. १६ एमएममध्ये काही फिल्मांची इमल्शनची (छापलेल्या थराची) बाजू लेन्सकडे असते, काहींची उलटी, त्यामुळे एका फिल्मला जुळवलेला फोकस दुसरीला थोडा ढिला वाटू शकतो, म्हणून काही मशीनला त्यासाठी छोटी दांडीच दिलेली असते. ती दांडी आहे का आधी शोधा.

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार म्हणजे आवाज लहरतो. गाण्यातला लांब सूर थरथरतो, बासरी रडते. माझ्या मते इथेच माणसाची कसोटी लागते, कारण मीटरने काहीच सापडत नाही, हाताने न् कानानेच शोधावं लागतं. आधी बघा फिल्म ड्रमवर ताठ आहे का. सैल असेल तर गेटमधले झटके खालपर्यंत पोचतात आणि सूर भराभर थरथरतो. ताठ असेल तर फिल्म काढा, फ्लायव्हील हाताने फिरवून सोडून द्या. ते बराच वेळ आपलं आपण फिरत राहून हळूहळू थांबलं पाहिजे. अडखळत, एका जागी येऊन थांबत असेल तर बेअरिंगमधलं वंगण वाळून गोंद झालंय. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवली तर दुसरं काय होणार, भुसावळ-जळगावचं ऊन ४५ च्या घरात जातं. जुनं वंगण धुऊन काढायचं, मग शिलाई मशीनचं तेल एक थेंब, खरंच एकच, कारण जास्तीचं तेल ड्रमवर उतरतं आणि फिल्म घसरायला लागते, म्हणजे परत तोच रोग.

लहर सावकाश असेल, एका तालात येत असेल, तर तो ताल मोजा आणि कुठलं चाक त्या तालात फिरतंय ते बघा. रबरी रोलर वर्षानुवर्षं दाबून ठेवला की एका जागी चपटा होतो, आणि दर फेऱ्याला एकदा सूर खाली जातो. बेल्ट कडक झाला, जोड जाड झाला, तरी तसंच. एकेका चाकाला खडूची खूण करून फिल्म लावली की सूर हलायच्या क्षणी कुठली खूण वर येते ते दिसतं. ही पद्धत कुठल्याही पुस्तकी उपायापेक्षा लवकर पोचवते.

सूर लहरत नाही पण सगळाच खाली आलाय, माणूस झोपेत बोलतोय असं वाटतंय, तर पहिल्यांदा १६ एमएम मशीनवरचा वेगाचा खटका बघा, मुक्या फिल्मांसाठी १६ किंवा १८ फ्रेमचा वेग असतो, कुणीतरी तिथे ठेवलेला असतो. तो बरोबर २४ वर असेल तर लाइट बघा. ब्रशवाली मोटर असेल तर व्होल्टेज पडलं की वेग पडतो, आणि रात्री सगळ्या शिवारातले पंप चालू झाले की आपल्याकडे व्होल्टेज किती राहतं ते सांगायला नको. अशा मोटरला बऱ्याचदा गव्हर्नर (वेग सारखा ठेवणारा भाग) असतो, त्याचे पॉइंट काळे पडले की वेग वरखाली होतो. इंडक्शन मोटरचा वेग मुख्यतः विजेच्या सायकलवर (फ्रिक्वेन्सीवर) चालतो, म्हणून जनरेटरवर मशीन चालवताना सायकल बघायची. ५० ची ४७ झाली तर वेग ६ टक्के पडतो, आणि ६ टक्के म्हणजे बरोबर अर्धा सूर, काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये येतं. भजनी मंडळातला पेटीवाला हे लगेच ओळखेल.

अ‍ॅम्प्लिफायर उघडायची वेळ आलीच, तर व्हॉल्व्हवाल्यात ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो, माणूस मरतो त्याने. ज्याला कंडेन्सर रेझिस्टन्स लावून रिकामा करता येतो त्यानेच हात घालायचा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट एकदम मेनवर लावू नका, डिमरस्टॅट असेल तर हळूहळू वाढवा, नाहीतर मिस्त्रीच्या सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब घालून लावा, बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. बाकी बाहेरून करण्यासारखं एकच, सेट चालू असताना व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलच्या रबराने हलकेच टकटक करा, एखादा व्हॉल्व्ह स्पीकरमधून टणटण बोलला तर तोच बदलायचा.

कधी कधी मशीन निर्दोष असते आणि फिल्मच आजारी असते. ट्रॅकवर उभे ओरखडे असले की खरखर, जोड आला की ठक्क, तो जोडावर काळ्या शाईचा तिरका डाग देऊन लपवायची जुनी पद्धत होती. साधारण २००० नंतरच्या काही ३५ एमएम रंगीत प्रिंटवर ट्रॅक निळसर दिसतो, त्यात चांदी नसते, त्यातून पिवळ्या दिव्याचा न दिसणारा उजेड आरपार जातो आणि जुन्या मशीनवर आवाज अगदी क्षीण येतो, त्याला लाल एलईडीचा उजेड लागतो, अ‍ॅम्प्लिफायर कितीही वाढवून उपयोग नाही. आणि डबा उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा आंबट वास आला तर फिल्मचा पाया सडायला लागलाय. ती आखडते, भोकं दात्यांवर बसत नाहीत, लूप सुटतो, आवाज थरथरतो, आणि तुम्ही मशीन खोलत बसता. असा डबा बाकीच्या फिल्मांपासून लगेच वेगळा काढा, तो वास दुसऱ्यांनाही लागतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत ठेवा. १९५० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या ३५ एमएम रिळी नायट्रेटच्या असू शकतात, त्या भडका घेतात आणि पाण्यानेही विझत नाहीत, त्या चालवूच नका. १६ एमएमला ही भीती नाही.

फिल्म तपासायला आपल्याजवळ एक चांगली, माहितीची रीळ कायम ठेवावी, जिचा आवाज कसा येतो ते पाठ आहे. नवीन मशीन आली की आधी ती लावायची. तिचाही आवाज खराब आला तर मशीन, चांगला आला तर फिल्म. आणि एक्सायटर लॅम्पचे व्होल्ट-अँपिअर मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, म्हणजे दिवा गेल्यावर दुकानात जाऊन अंदाजाने काही घेऊन यायची वेळ येणार नाही.